जोखमीवरची सही

जबलपूर हे तोफा आणि गाड्या घडविणारे शहर आहे. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आणि व्हेईकल फॅक्टरी १९६९ सालची. सैन्यात गाजलेली आणि पुढे लिलावातून खासगी हातांत गेलेली ‘जोंगा’ ही गाडी इथलीच. तिच्या नावाचे पहिले अक्षरच जबलपूरचे. अर्थशास्त्रात एम.ए. करून मी केंद्र सरकारच्या सेवेत आलो, तेव्हा ‘जोखीम’ हा शब्द माझ्यासाठी पाठ्यपुस्तकातला होता : संभाव्यता गुणिले नुकसान. तो शब्द प्रत्यक्षात कसा दिसतो, हे मला स्फोटके हाताळणाऱ्या इमारतींच्या दारावर कळले. अशा दाराशी एक फलक असतो आणि त्यावर दोन आकडे असतात. एका वेळी आत जास्तीत जास्त किती माणसे असावीत आणि जास्तीत जास्त किती वजनाचे स्फोटक असावे.

तिथे ‘सावधान’ किंवा ‘आपापल्या जबाबदारीवर प्रवेश करावा’ एवढे लिहून भागत नाही. आकडाच लिहावा लागतो. आकडा मोजता येतो, तपासता येतो, आणि तो ओलांडला गेला तर कोणाला जाब विचारायचा हेही ठरलेले असते. एवढे करूनही जोखीम शून्यावर येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये खमरियाच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे प्राण गेले, हे या शहराला चांगले ठाऊक आहे. पण अनर्थ झालाच तर तो किती जणांपर्यंत पोचावा, याचा विचार अनर्थाच्या आधी करून ठेवायचा असतो. प्रशासनाच्या कामाची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

गेल्या वर्षी याच्या अगदी उलट स्वभावाचा एक कागद माझ्यापुढे आला. माझी धाकटी बहीण जबलपुरातच राहते. तिचे यजमान हयात नाहीत. मुलगा, म्हणजे माझा भाचा, इथेच वाढला, इथेच इंजिनिअर झाला आणि आता बंगळुरूला नोकरी करतो. पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून त्याने एक जोरकस मोटारसायकल घेतली. मग त्याच्या मित्रांच्या गटाने ठरवले की दक्षिणेतल्या एका खऱ्याखुऱ्या रेस ट्रॅकवर एक दिवस आपापल्या गाड्या चालवायच्या. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, प्रेक्षक नाहीत. शुल्क भरायचे, ठरलेल्या वेळी ट्रॅकवर उतरायचे आणि मनसोक्त वेगाने फेऱ्या मारायच्या. याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. आयोजकाने दोन पानांचे एक संमतीपत्र पाठवले होते आणि त्यावर निकटच्या नातेवाइकाचीही सही हवी होती. बहिणीने ते कागद माझ्या हाती दिले आणि म्हणाली, “दादा, तू आयुष्यभर सरकारी कागद वाचलेस. हा वाच आणि सांग, सही करू की नको?”

मी तो कागद तीनदा वाचला. त्यात अकरा कलमे होती. मोटारसायकल चालविणे धोकादायक आहे, हे मला मान्य आहे. जखम, कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू येऊ शकतो, हे मला मान्य आहे. असे झाल्यास आयोजक, जागेचे मालक, त्यांचे कर्मचारी, त्यांचे प्रायोजक यांपैकी कोणीही जबाबदार राहणार नाही. त्यांच्या निष्काळजीपणामुळे झाले तरीही राहणार नाही. माझे वारस कोणताही दावा करणार नाहीत. या आशयाची नऊ कलमे होती. उरलेली दोन शुल्क परत न मिळण्याविषयी आणि छायाचित्रांच्या हक्कांविषयी. ट्रॅकवर एका वेळी किती गाड्या असतील, रुग्णवाहिका कुठे उभी असेल, गाड्या थांबविण्याचा अधिकार कोणाला असेल, यांविषयी एक ओळही नव्हती. आकडा असा एकच होता, शुल्काचा.

आता प्रश्न असा की हा कागद सुरक्षेचा आहे का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. सहीमुळे जोखीम रतीभरही कमी होत नाही. ती फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते. अपघाताची शक्यता सहीच्या आधी जेवढी होती, तेवढीच सहीनंतर असते. बदलतो तो फक्त भरपाई करणारा. उलट, भरपाईची धास्ती ज्याच्या डोक्यावरून उतरली, त्याला रुग्णवाहिकेवर खर्च करण्याचे कारणही उरत नाही. विमा उतरवला की माणूस बेफिकीर होतो, असे आम्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. इथे तर विम्याचा हप्ता न भरताच बेफिकीर होण्याची सोय झाली आहे, आणि तो हप्ता माझ्या बहिणीच्या नावे टाकला आहे.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, ते पाहू. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे किंवा तीत भाग घेणे हा गुन्हा आहे. पूर्वी त्याला पाचशे रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पण ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे जिथे जाण्याचा जनतेला हक्क आहे ती जागा. कुंपण घातलेला, तिकीट काढून प्रवेश देणारा ट्रॅक सहसा या व्याख्येबाहेर राहतो, आणि ट्रॅक डे म्हणजे शर्यतही नव्हे. अधिकृत स्पर्धा असेल, तर मोटार क्रीडा महासंघाचा परवाना, गाडीची तपासणी, वैद्यकीय पथक ही साखळी असते. हौशी माणसाचा दिवस या दोन्ही चौकटींच्या मधल्या फटीत पडतो. तिथे जे काही चांगले घडते, ते आयोजकाच्या सद्बुद्धीने.

विम्याचीही तीच गत. आपल्याकडच्या मोटार विम्याच्या कागदावर ‘वापराच्या मर्यादा’ म्हणून एक परिच्छेद असतो; संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी केलेला वापर त्यातून वगळलेला असतो. तृतीय पक्षाच्या दाव्यातही या कारणाने विमा कंपनीला बचाव घेता येतो, तशी तरतूद अधिनियमाच्या कलम १५० मध्येच आहे. म्हणजे रोजच्या रस्त्यावर ज्या विम्याच्या भरवशावर आपला मुलगा फिरतो, तो ट्रॅकच्या दाराशीच थांबण्याची शक्यता मोठी. ही गोष्ट किती मुलांना ठाऊक असते? आणि संमतीपत्राच्या अकरा कलमांत ती सांगण्याचे कोणाला का सुचू नये?

मग संमतीला काही अर्थच नाही का? आहे, आणि तो आपल्या जुन्या दंडसंहितेने नेमका सांगितला होता. तिच्या कलम ८७ मध्ये, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम २५ आहे, मनोरंजनासाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे उदाहरण आहे. खेळ नियमाने चालला असताना एकाला इजा झाली, तर दुसरा गुन्हेगार ठरत नाही, कारण खेळाला होकार देताना त्या इजेलाही होकार दिलेला असतो. मात्र अट आहे ती नियमाने खेळण्याची. इंग्लंडमध्ये १९३० साली ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर एक गाडी कठडा तोडून प्रेक्षकांत घुसली आणि दोघांचा मृत्यू झाला. अपील न्यायालयाने ट्रॅकच्या मालकांना जबाबदार धरले नाही. त्यामागचा विचार साधा होता : वाजवी ती काळजी घेतलेली असेल, तर खेळाच्या स्वभावातच असलेला धोका पाहणाऱ्याने पत्करलेला असतो. दोन्हीकडे सूत्र एकच आहे. मी वळणावर घसरण्याला संमती देऊ शकतो. मी घसरल्यावर मागून येणाऱ्याला पिवळा झेंडा दाखवायला माणूसच नसण्याला माझी संमती आहे, असे कोणी गृहीत धरू नये. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडविणे हा गुन्हा आहे आणि त्यावर खासगी कागदाने पांघरूण घालता येत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये तर ‘अन्याय्य करार’ अशी वेगळी कल्पनाच आली आहे आणि त्याविरुद्ध राज्य व राष्ट्रीय आयोगांपुढे दाद मागता येते. अर्थात ही सारी नंतरची सोय. माझ्या बहिणीला निकाल नको होता, मुलगा हवा होता.

हौशी चालकाचा धोका नेमका कशात असतो? बहुतेकांना वाटते, वेगात. ते अर्धेच खरे आहे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकची गाडी ६० किलोमीटरच्या वेगात सुमारे २० मीटरमध्ये थांबत असेल, तर १२० ला तिला ८० मीटर लागतात आणि १८० ला सुमारे १८० मीटर. ब्रेक दाबायचा हे डोक्यात येईपर्यंत जे अंतर जाते, ते वेगळेच. हे गणित रस्त्यावर आणि ट्रॅकवर सारखेच आहे. पण ट्रॅकवर सगळी वाहने एकाच दिशेने जातात. समोरून ट्रक येत नाही, गाय आडवी येत नाही, कडेला विजेचा खांब नसतो. घसरणाऱ्यासाठी खडीचा पट्टा आणि टायरांच्या भिंती असतात. जागोजागी झेंडे घेऊन माणसे उभी असतात : पिवळा म्हणजे पुढे धोका, ओलांडू नका, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे, लाल म्हणजे सगळ्यांनी थांबा. या अर्थाने तोच वेग ट्रॅकवर अधिक सुरक्षित आहे यात शंका नाही.

हौशी माणसाच्या बाबतीत खरा धोका असतो तो फरकाचा. एकाच वेळी एका सरळ पट्ट्यावर एक हजार सीसीची आणि दोनशे सीसीची गाडी असते; एकाचा दहावा ट्रॅक डे असतो, तर दुसऱ्याचा पहिला. स्पर्धेत सगळ्यांना माहीत असते की पुढचा कुठे ब्रेक लावणार. हौशी गटात हे कोणालाच माहीत नसते. दुसरा धोका असतो भरवशाचा. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली असे मांडले की गाड्यांत सुरक्षेची साधने सक्तीची केल्यावर चालक अधिक धिटाईने चालवू लागतात आणि साधनांमुळे झालेला फायदा काही अंशी वाया जातो. त्यांच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला, पण निरीक्षणात तथ्य आहे हे कोणताही वाहतूक पोलीस सांगेल. हेल्मेट, चामड्याचा सूट, खडीचा पट्टा, झेंडेवाले हे सगळे पाहून पहिल्यांदा उतरणाऱ्याला वाटते की इथे काही होऊच शकत नाही. ज्यांच्याकडे परवाना, अनुभव आणि जागेवर वैद्यकीय मदत असते, त्यांच्याही बाबतीत होते. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर अधिकृत स्पर्धांमध्ये जानेवारी २०२३ मध्ये ५९ वर्षांच्या एका मुरलेल्या चालकाचा, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १३ वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला.

मग बंदीच का घालू नये? आपल्या प्रशासनाला हे उत्तर फार लवकर सुचते, कारण बंदीला खर्च नसतो आणि बंदीनंतर जे घडते त्याची नोंद दुसऱ्या खात्याच्या वहीत होते. जबलपूरचेच पाहा. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालात दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांमध्ये अपघातांच्या संख्येत दिल्ली आणि इंदूरनंतर जबलपूरचा तिसरा क्रमांक होता. त्या वर्षी देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या पुढे कारण म्हणून अतिवेग लिहिलेला आहे. रात्री डुमना विमानतळाच्या रस्त्याने गेलात, तर वेगाची हौस कुठे भागवली जाते ते दिसेल. त्या रस्त्यावर चितळही आडवे येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मदनमहाल ते दमोह नाका हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल खुला झाला. शहराची मोठी सोय झाली, पण मध्यरात्री त्याच पुलावरून मोटारसायकलींचा जो आवाज येतो, तो ऑफिसला जाणाऱ्यांचा नसतो. इथे फरक एवढाच की ट्रॅकवर पडणाऱ्याने निदान कागदावर तरी संमती दिलेली असते. पुलावरून दूध घेऊन येणाऱ्या सायकलवाल्याची संमती कोणी घेतलेली नाही.

हा पेच नवा नाही. इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने रस्त्यावरची वेगमर्यादा ताशी २० मैल ठरली. आपल्याकडे मोटारी बनवायच्या तर त्या पळवायला जागा हवी, या विचारातून १९०७ साली ब्रुकलँड्सचा ट्रॅक झाला. म्हणजे ट्रॅक हा वेगमर्यादेचा जुळा भाऊ आहे. जर्मनीत १९२७ साली नूरबुर्गरिंग झाले. त्याचा वीस किलोमीटरहून लांब असलेला उत्तरेकडील भाग आजही ठरावीक वेळी सामान्य माणसाला शुल्क भरून वापरता येतो. त्या वेळी तो कायद्याने एकेरी टोल रस्ता समजला जातो. वाहतुकीचे नियम लागू असतात, उजवीकडून ओलांडायला मनाई असते आणि वेळ लावून शर्यत करणे निषिद्ध असते. याच ट्रॅकवर १९७६ साली निकी लाउडासारखा जगज्जेता आगीत सापडला, आणि त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत तिथे परत गेली नाही. पण सामान्यांसाठी ती वाट बंद झाली नाही. तिच्यावर अपघात होतात, माणसेही दगावतात. तरी कुठला नियम लागू आहे, हे तिथे चाक ठेवणाऱ्याला आधी समजते. जर्मनीत शिकायला गेलेली आपली मुले सुटीच्या दिवशी तिथे जातात, हे या लेखाच्या काही वाचकांना घरच्या अनुभवाने ठाऊक असेल.

परदेशातच कशाला, महाराष्ट्रातली दोन उदाहरणे घ्या. बैलगाडा शर्यत, ज्याला आमच्या विदर्भाकडे शंकरपट म्हणतात, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने थांबली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि धावपट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब चालत नाही. दहीहंडीचेही तसेच. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वीस फुटांची आणि अठरा वर्षांची मर्यादा घातली. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली, पण चौदा वर्षांखालील मुलांना थरांवर चढवायचे नाही हे कायम राहिले. २०२२ मध्ये गोविंदांच्या विम्याचा निर्णय झाला. या दोन्ही निर्णयांशी कोणी सहमत असो वा नसो, त्यांतून एक गोष्ट दिसते. हौशी माणसाच्या जोखमीला कायद्याच्या भाषेत आकडा देता येतो : इतके मीटर, इतके वय, इतका विमा. बैलाच्या आणि गोविंदाच्या बाबतीत जे जमले, ते इंजिनाच्या बाबतीत न जमण्याचे कारण नाही.

बहिणीला मी सांगितले की सहीआधी सहा प्रश्नांची लेखी उत्तरे मागव. एका वेळी ट्रॅकवर जास्तीत जास्त किती गाड्या? नवशिके आणि सरावलेले वेगळे की एकत्र? ट्रॅकवर उतरण्याआधी गाडी कोण तपासतो आणि नापास करण्याचा अधिकार त्याला आहे का? रुग्णवाहिका आणि डॉक्टर आवारात आहेत का? लाल झेंडा दाखविण्याचा अंतिम अधिकार कोणाचा? अपघाताचा विमा आहे का, असल्यास किती रकमेचा? भाच्याला हे आवडले नाही. तो म्हणाला, “मामा, तुम्ही तर फाईलच उघडलीत. तिथे सगळे असेच जातात.” तरीही त्याने प्रश्न पाठवले. तीन उत्तरे आली. रुग्णवाहिकेच्या प्रश्नाला उत्तर होते की बारा किलोमीटरवर चांगले रुग्णालय आहे. बहिणीने सही केली नाही, भाचा गेला नाही, आणि त्यानंतर दोन महिने त्याचा मला फोन आला नाही.

मग त्यानेच दुसरा आयोजक शोधला आणि सहा उत्तरे स्वतः मागवून आईकडे पाठवली. नवशिक्यांच्या गटात बारा गाड्या, पहिल्या फेऱ्या प्रशिक्षकाच्या मागून आणि ओलांडण्याला पूर्ण मनाई. इथे बहिणीने सही केली. तो गेला. दुपारी त्याच्या गटातला एक मुलगा वळणावर पडला, लाल झेंडा लागला आणि रुग्णवाहिका दोन मिनिटांत पोचली. त्या मुलाचे गळ्याजवळचे हाड मोडले, पण तो आता ठणठणीत आहे. भाचा त्यानंतर आणखी एकदा जाऊन आला. प्रत्येक वेळी आदल्या रात्री बहीण मला फोन करते. एकदा म्हणाली, “दादा, तुझे प्रश्न बरोबरच आहेत. पण त्यांनी मला झोप येत नाही.” तिचे म्हणणे मला पूर्ण पटते. नियमाने जोखीम हाताळता येते, आईचे मन नाही. पण त्या पडलेल्या मुलालाही कुठेतरी आई असेल आणि तिच्यापर्यंत गेलेली बातमी हाड मोडल्याची होती, एवढा फरक त्या सहा उत्तरांनी केला.

आता सरकारने काय करावे? माझ्या मते फार थोडे, पण नेमके.

(१) ट्रॅक डे ही कायद्यात वेगळी व्याख्या करावी. तो रस्ता नव्हे आणि स्पर्धाही नव्हे. जिल्हा प्रशासनाला आगाऊ सूचना, प्रति किलोमीटर गाड्यांची कमाल संख्या, कौशल्यानुसार गट, आणि आवारात रुग्णवाहिका नसेल तर ट्रॅक बंद, एवढे चार नियम पुरेत.

(२) संमतीपत्र दुहेरी असावे. चालकाने कोणती जोखीम पत्करली हे जसे लिहायचे, तसे आयोजकाने कोणती काळजी घेण्याचे कबूल केले तेही त्याच पानावर, आकड्यांसह लिहावे आणि सही दोघांनी करावी. आयोजकाच्या निष्काळजीपणालाही माफी देणारे कलम अशा कागदात नसावे.

(३) एका दिवसापुरता गट-अपघात विमा सक्तीचा करावा आणि त्याचा हप्ता शुल्कातच धरावा. विमा कंपनी हप्ता ठरवायला बसली की ट्रॅकची तपासणी आपोआप सुरू होते. आग आणि माल यांच्या विम्यात हे आपण पिढ्यान्पिढ्या पाहिले आहे.

(४) प्रत्येक अपघाताची नोंद जाहीर असावी. ज्या धोक्याची मोजदाद नाही, त्याला अर्थशास्त्रात जोखीम म्हणत नाहीत, अनिश्चितता म्हणतात. फ्रँक नाइट यांनी हा भेद १९२१ सालीच करून ठेवला आहे. मोजदाद सुरू झाली की विमाही स्वस्त होतो आणि पालकही डोळे उघडे ठेवून निर्णय घेतात.

(५) सार्वजनिक पैशातून उभारलेल्या ट्रॅकचा थोडा वेळ लोकांना द्यावा. मध्य प्रदेशातच, इंदूरजवळ पीथमपूरला, जून २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा चाचणी ट्रॅक सुरू झाला. त्याचा व्यापारी कार्यक्रमांसाठीही उपयोग होऊ शकतो, असे उद्घाटनाच्या वेळी सरकारनेच सांगितले होते. मग महिन्यातला एक दिवस, तिथल्या साध्या पट्ट्यांवर, तरुणांना ब्रेक लावायला आणि गाडी सावरायला शिकविण्यासाठी का देऊ नये? कोल्हापूरसारख्या शहरात गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर मुले लहानपणापासून हे शिकतात. जिल्ह्याच्या ठिकाणी असे छोटे, मंद वेगाचे, देखरेखीखालचे ट्रॅक व्हायला फार जमीन लागत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ज्यांना परवडते त्यांच्या चैनीसाठी सरकारने डोके का शिणवावे? त्याचे उत्तर असे की वेगाची ओढ पैसेवाल्यांपुरती नाही. डुमना रस्त्यावर रात्री धावणाऱ्या मोटारसायकली बहुतेक हप्त्यांवर घेतलेल्या असतात. ज्याला शुल्क भरून सुरक्षित जागा मिळते तो तिथे जातो. ज्याला मिळत नाही तो पुलावर जातो, आणि तिथे त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. सरकारने लक्ष घालायचे ते या दुसऱ्या माणसासाठी.

वाचकांपैकी पुष्कळांची मुले आज बंगळुरूला, पुण्याला, जर्मनीत किंवा अमेरिकेत आहेत. आज ना उद्या त्यांच्याकडून असा एखादा कागद तुमच्याकडे येईल. ट्रॅकचा नसला तर पॅराग्लायडिंगचा, पाण्याखाली उतरण्याचा किंवा डोंगर चढण्याचा असेल. ‘नको’ म्हणणे सोपे आहे आणि डोळे मिटून सही करणेही सोपे आहे. मधली वाट म्हणजे विचारणे. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर जो आयोजक आपल्या सहीच्या शेजारी स्वतःची सही करायला तयार असेल, त्याच्याच कागदावर आपली उमटू द्यावी.